घरातले हात मोजून शेती

चोरखमारा हे नाव मराठी वाचकाला माहीत असलंच, तर नागझिऱ्याचं एक फाटक म्हणून. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातलं हे गाव. शेजारी त्याच नावाचा मोठा सिंचन तलाव आणि पलीकडे २०१३ साली घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. मारुती चितमपल्ली, किरण पुरंदरे या निसर्गलेखकांमुळे फाटकाच्या आतलं जग मराठी घराघरांत पोहोचलं. फाटकाच्या अलीकडे राहणाऱ्या माणसांच्या वाट्याला तेवढी शाई आलेली नाही. या पट्ट्यातल्या लहान शेतकऱ्याचं घर साधारण असं असतं: एक-दोन एकर धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, घरामागे वाडी, एखाद-दुसरं जनावर, थोड्या कोंबड्या आणि उन्हाळ्यात मोहफुलं व तेंदूपानांवर मिळणारा रोख पैसा. अशा घरात एखादं माणूस कायमचं आजारी असलं की सल्ला ठरलेला असतो. उत्पन्न वाढवा, जोडधंदा करा, दवाखान्याला पैसा कमी पडणार नाही. हा सल्ला अर्धवट आहे. अशा घराचा खरा पेच जमीन कमी असण्यात नाही. शेतीची कामं वर्षातल्या मोजक्या आठवड्यांत एकावर एक कोसळतात आणि आजार नेमका त्याच आठवड्यांत उसळतो, हा तो पेच आहे. म्हणून शेतीचा बेत एकरावरून आखण्याऐवजी घरातल्या हातांवरून आखायला हवा, आणि तोही सगळ्यांत अशक्त हातांच्या वाईट दिवशीच्या ताकदीवरून.

आधी कामाचं वर्ष पाहू. मृगाच्या पावसावर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपवाटिका, टाकले की साधारण तीन आठवड्यांनी रोप काढायला येतं, आणि ते कोवळं असतानाच रोवणी उरकावी लागते. उशीर झाला की फुटवे कमी आणि उतारा कमी. पाऊस सगळ्यांच्या बांध्यांवर एकदमच पडतो, त्यामुळे गावभर रोवणी एकाच वेळी निघते आणि बाया मिळेनाशा होतात. एका एकराला दहा-बारा बायांचा पूर्ण दिवस जातो. काम दिसायला सोपं आहे. डाव्या हातात रोपांची पेंडी, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं दोन-तीन काड्या चिखलात खोचतात, मग एक पाऊल मागे, मग पुन्हा खोचणं. पाय पोटरीपर्यंत गाळात, पाठीवर पाऊस, आणि कमरेतून वाकलेलं अंग जेवणाच्या सुट्टीपर्यंत सरळ होत नाही. पुढे निंदण येतं, मग कापणी आणि मळणी. धान पिकत आलं की जंगलाला लागून असलेल्या बांध्यांवर रानडुकरांसाठी जागल करावी लागते, तीही थंडीच्या रात्री. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं रात्रभर गळतात. ती गुरांनी आणि हरणांनी खाण्याआधी वेचायची तर उजाडायच्या आत झाडाखाली पोहोचावं लागतं, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला त्या वेळी एकटं वाकून बसणं काय असतं हे सांगायला नको. मे महिन्यात तेंदूपानं तोडायची, घरी आणून पुडके बांधायचे. तलावाचं पाणी मिळालं तर उन्हाळी धान, म्हणजे रोवणी वर्षातून दोनदा.

आता आजाराचं वर्ष. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आजार घरोघरी ऐकू येतो, आणि ज्या जिल्ह्यांत तो अधिक आहे त्यांत गोंदिया आहे. भारतात त्याची नोंद पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या या आजाराच्या वाहकांविषयी लिहिलं. म्हणजे आपल्याकडे या आजाराची ओळख पटून साठ वर्षांवर काळ लोटला आहे. यात रक्तातल्या हिमोग्लोबिनची घडण जन्मतःच बदललेली असते. ऑक्सिजन कमी झाला की तांबडी पेशी ताठर होऊन विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. त्यामुळे पंडुरोग पाठ सोडत नाही आणि अधूनमधून हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा उठतात. या कळा कशाने उठतात, तर अंगातलं पाणी कमी झाल्याने, गारठ्याने, अतिश्रमाने, तापाने. रोवणीच्या दिवसाचं वर्णन पुन्हा वाचलं तर ही सगळी यादी त्यात सापडते. भर पावसात तहान लागत नाही, आणि बांधीवर आडोसा नसल्याने बाया मुद्दामच पाणी कमी पितात. गारठा आणि श्रम तर आहेतच, ताप पावसाळ्याबरोबर येतो. मे महिन्यात गारठ्याची जागा ऊन घेतं. शेतीचं आणि शरीराचं पंचांग इतकं एकमेकांवर बसतं की रुग्ण "ऐन कामाच्या वेळीच पडतो" ही घरच्यांची तक्रार वैद्यकीयदृष्ट्या अगदी खरी आहे. चूक एवढीच की ती तक्रार रुग्णाबद्दल केली जाते.

आणि सिकलसेल हे फक्त ठळक उदाहरण. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, म्हणजे याच धानपट्ट्यात, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडले. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. अभ्यास जुना आहे, त्यानंतर आशा कार्यकर्त्या आल्या, रस्ते आले. पण त्यातून दिसलेली गोष्ट आजही लागू आहे. घरात ज्या बाईला आपण धडधाकट समजून रोवणीला धाडतो, ती धडधाकट असतेच असं नाही. ती फक्त तपासलेली नसते. कुटुंब, आजार आणि शेती यांचा तोल सांभाळणं म्हणतात ते बहुतेक घरांत याच एका बाईच्या पाठीवर असतं. रुग्णाच्या उशाशी बसणारी तीच, रोवणीची रोजंदार तीच आणि वाडीला पाणी देणारीही तीच. म्हणून एक माणूस आजारी पडलं की घराचे दोन नाही, चार हात कमी होतात, आणि हे कुठल्याच हिशेबात लिहिलं जात नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना भरती झाल्यावरचा खर्च उचलते, पण बांधीत पिवळं पडत चाललेलं रोप उचलत नाही. राजस्थान, गुजरात, आंध्रापासून केनिया, युगांडा, पेरूपर्यंत ३५ हजारांवर कुटुंबांचा मागोवा घेऊन अभ्यासक अनिरुद्ध कृष्ण यांनी २०१० साली पुस्तक लिहिलं. माणसं गरिबीत कशी घसरतात याचं त्यांना सापडलेलं सगळ्यांत मोठं कारण होतं आजारपण आणि त्यावरचा खर्च.

मग बेत बदलायचा म्हणजे काय? सगळ्या बांध्यांत एकाच मुदतीचा धान घेण्याऐवजी काही हलका (लवकर निघणारा), काही भारी (उशिरा निघणारा) घेतला आणि पऱ्हे आठ-दहा दिवसांच्या अंतराने टाकले, तर रोवणी आणि कापणी दोन्ही लांबतात आणि एका दिवसावरचा भार उतरतो. एखादी बांधी आवत्या पद्धतीने, म्हणजे बी थेट फेकून, किंवा ड्रम सीडरने पेरली की तिच्यापुरती रोवणी टळते. धुऱ्यावर तूर, धान निघाल्यावर ओलीवर जवस किंवा हरभरा, ही पिकं माणसाला गाळात उभं करत नाहीत. ज्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे त्या घराने तलावाचं पाणी मिळत असलं तरी उन्हाळी धानाच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या रोवणीतून आलेला पैसा दुसऱ्या भरतीत जातो. वाडी मात्र वाढवावी. ती घराला लागून असते, सावलीत आणि हाताच्या अंतरावर पाणी असताना दहा मिनिटं काम करून बसता येतं, आणि आज जमलं नाही तर वांगी उद्या तोडता येतात. वाडीतलं काम उद्यापर्यंत थांबतं, पण बांधीतली रोवणी थांबत नाही, हा फरक निरोगी माणसाला क्षुल्लक वाटेल. जोडधंदा म्हणून शेळ्या हमखास सुचवल्या जातात. जंगलाच्या कडेला शेळी म्हणजे रोज मैलोगणती चालणारा आणि बिबट्याकडे लक्ष ठेवणारा धडधाकट राखणदार. तो घरात नसेल तर शेळी घेऊ नये. गावठी कोंबड्या चालतील, कारण त्यांना संध्याकाळी खुराड्यात कोंडायला पोरंही पुरतात.

थोड्या जागेत घर चालतं, हे महाराष्ट्रात नवं नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार'मधून दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं असं मांडलं. उरुळी कांचनच्या मणिभाई देसाईंनी उभारलेल्या बाएफ या संस्थेने १९८२ पासून गुजरातमधल्या वांसद्याच्या आदिवासी भागात एकराची वाडी रुजवली आणि पुढे नाबार्डने तोच नमुना देशभर नेला. पण दाभोळकरांच्या दहा गुंठ्यांत रोज ठरल्या वेळी राबणारे, निरीक्षण करणारे, निरोगी हात गृहीत आहेत. दोष त्यांचा नाही, ते जमिनीचा आणि सूर्यप्रकाशाचा हिशेब मांडत होते. त्यात आजारपणाचा रकाना आपण घालायचा आहे.

यावर शेतकऱ्याचा पहिला आक्षेप येईल तो उताऱ्याचा. आवत्या धानात तण माजतं, निंदण वाढतं, उत्पन्न घटतं. खरं आहे. म्हणून सगळं शेत आवत्या करा असं कुणी म्हणू नये. पण निंदणाला रोवणीइतकी घाई नसते, ते आठवड्यात थोडं थोडं करता येतं. आजारी घराला कामाची एकूण बेरीज कमी होण्यापेक्षा काम पुढे-मागे करता येणं जास्त उपयोगाचं आहे. दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे: वाडी, कोंबड्या, तूर, जवस यांनी काम वाढेलच ना? वाढेल. रोजचं काम वाढेल आणि तेही बहुधा बाईचंच. इथे बेत फसू शकतो, आणि तो फसू नये यासाठी पुरुषांनी पाणी भरणं आणि दवाखान्याच्या खेपा आपल्याकडे घ्याव्यात एवढी साधी अट आहे. ती पाळली जाणार नसेल तर वाडी वाढवू नये, हेही तितकंच साधं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. एवढा खटाटोप कशाला, शेत ठेक्याने द्यावं आणि घरच्यांनी मजुरी करावी. काही घरांना हे खरोखर सोयीचं पडतं, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. पण मजुरीचा बाजारही शेतीच्याच पंचांगावर चालतो. रोवणीची मजुरी रोवणीतच मिळते आणि पडून राहिलेल्या दिवसाची मिळतच नाही. स्वतःच्या वाडीत आजाऱ्याला अर्धा तास काम करता येतं, दुसऱ्याच्या बांधीवर अर्ध्या तासाला कुणी घेत नाही. म्हणून हात फारच कमी असतील तर लांबच्या बांध्या ठेक्याने द्याव्यात, घराजवळची एखादी आणि वाडी स्वतःकडे ठेवावी. घरचा तांदूळ आणि घरची भाजी असली की आजाऱ्याच्या ताटाला दुकानाचा भाव लागत नाही.

शेवटचा प्रश्न सरकारचा. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं लक्ष्य आहे. लग्नाआधी तपासणी व्हावी हा तिचा आग्रह योग्यच आहे, कारण दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पण जे आज आजारी आहेत त्यांना २०४७ चा उपयोग नाही. त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयातल्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आहेत, मात्र त्या नियमित रक्त तपासूनच घ्याव्या लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, आणि साध्या एसटीत रुग्णाला मोफत प्रवासाची सवलत आहे. हे सगळं दवाखान्याच्या बाजूचं झालं. शेतीच्या बाजूने पाहिलं तर धान उत्पादकांना २०२३ आणि २०२४ च्या हंगामांसाठी जाहीर झालेली प्रोत्साहनपर रक्कम होती हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. ती एकरांवर बेतलेली होती. जितकी जमीन जास्त तितकी रक्कम जास्त, आणि घरात रोवणीला उभं राहणारं कुणी आहे की नाही याची चौकशीही नव्हती. दिव्यांग प्रमाणपत्र असलेल्या घराला रोवणी यंत्राचं किंवा ड्रम सीडरचं भाडं मिळालं, किंवा रोवणीच्या तीन आठवड्यांत रोजगार हमीचे मजूर अशा घराच्या बांधीवर देता आले, तर खर्च फार मोठा होणार नाही. ग्रामसभेने अशा घरांची यादी करणं तर आजच्या नियमांतही शक्य आहे, आशाताईंना ती तोंडपाठ असते.

ज्या घरांत असा रुग्ण आहे त्यांनी मात्र सरकारची वाट पाहू नये. कोणत्या बांधीत काय आणि किती मुदतीचं, कोणती ठेक्याने द्यायची, दवाखान्याच्या तारखा कुणी सांभाळायच्या, हे मृगाआधी सगळ्यांनी बसून ठरवावं, आणि त्या बैठकीत आजारी माणसाला पहिल्यांदा बोलू द्यावं. पऱ्हे टाकून झाल्यावर यातलं फारसं काही बदलता येत नाही.