कागदावरची गोळी

रात्री जेवणं आटोपली की मी टेबलावर पांढरा कागद अंथरतो, दिवा जवळ ओढतो आणि कॅरेटचा काटा चालू करतो. दिवसभर सुरतच्या महिधरपुऱ्यात असल्याच काट्यावर हिरे तोललेले असतात. तीस वर्षं असॉर्टिंग करतोय, त्यामुळे चिमटा हाताला चिकटल्यासारखाच झालाय. रात्री मात्र त्या चिमट्यात शिशाचा पेलेट असतो. मुलगी दहा मीटर एअर रायफल मारते आणि तिच्या स्पर्धेचे पेलेट निवडायचं काम माझ्याकडे आहे.

साडेचार मिलिमीटर जाडीचा, सपाट तोंडाचा, कमरेत बारीक असा हा पेलेट. वजन 0.53 ग्रॅम, म्हणजे आमच्या हिशेबात 2.65 कॅरेट. एका डबीत पाचशे. आधी आयग्लास लावून घेर बघायचा. कड चेपलेली किंवा ओरखडा दिसला की तो सरावाच्या डबीत. मग तोलायचं: 2.64, 2.65, 2.65, 2.68. एक सेंट म्हणजे दोन मिलिग्रॅम. सारख्या वजनाचे वेगळे काढून पुड्या बांधायच्या, अगदी हिऱ्यांच्या बांधतो तशाच. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर आहे, पेलेटच्या जाडीच्या एक-नवमांश. तिथे पोचायचं तर प्रत्येक पेलेट आधीच्यासारखाच उडायला हवा. मॅच-ग्रेड म्हणतात ते एवढंच: एकीसारखी दुसरी. लागल्यावर गोळीने काय करायचं, हा प्रश्नच तिथे नसतो, कारण समोर कागद असतो.

माझी ही आवड टेक्सासमधल्या भाच्याला ठाऊक होती. त्याचा फोन आला. "मामा, मॅचच्या गोळ्यांनी माझी रायफल शंभर यार्डांवर पाच भोकं रुपयाच्या नाण्याखाली मारते. शिकारीच्या गोळ्यांचा पसारा लिंबाएवढा होतो. मग रोहीवर मॅचचीच गोळी का नको?"

रोही म्हणजे आपली नीलगाय. दक्षिण टेक्सासमधल्या किंग रांचवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती नेऊन सोडली, आणि आता तिथल्या काटेरी झुडपांत तिचे मोठाले कळप आहेत. परदेशी जनावर म्हणून टेक्सासात तिला शिकारीचा हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. फक्त परवाना लागतो. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे. पीक खाणाऱ्या रोहीला मारायचं तरी वनखात्याची परवानगी हवी. सुरतच्या पोराने सातासमुद्रापार जाऊन नेमका आपल्या शेतातलाच प्राणी गाठावा, हे मला तेव्हा फार विचित्र वाटलं. फोनवर मी एवढंच म्हटलं, "मी येईपर्यंत थांब. दोन्ही गोळ्या कापून बघू."

त्या हिवाळ्यात बहिणीकडे गेलो तेव्हा त्याच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघं व्हाइससमोर बसलो. काडतुसं तो स्वतः भरतो, त्यामुळे सुट्या गोळ्या होत्या. लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये गोळी आडवी पकडायची आणि कानशीने हळूहळू निम्मी घासून काढायची. शिसं मऊ, कानशीच्या दातांत भरतं. दर मिनिटाला तारेच्या ब्रशने दात साफ करावे लागतात. एका गोळीला वीसेक मिनिटं गेली.

पहिली सिएराची मॅचकिंग, 168 ग्रेन. 54.4 कॅरेट. घासून झाली तेव्हा मला खरोखर कौतुक वाटलं. तांब्याचं कवच पातळ आणि टोकापासून बुडापर्यंत एकसारखं. आत शिशाचा गाभा, आणि टोकाखाली थोडी मोकळी जागा. टोकाला टाचणी जाईल न जाईल एवढं छिद्र. भाचा म्हणाला, "हे छिद्र आहे ना? म्हणजे लागल्यावर फुलणारच." अनेकांचा हाच समज होतो. मॅचच्या गोळीत शिसं पुढच्या बाजूने भरतात, मग टोक आवळतात. ते पूर्ण मिटत नाही, त्याचं हे छिद्र. बूड मात्र अखंड आणि काटेकोर गोल राहतं. गोळी नळीतून सुटताना मागचा वायू त्या बुडाला चहूबाजूंनी सारखा ढकलतो, म्हणून ती सरळ जाते. सगळी कारागिरी बुडासाठी आहे.

लष्करी गोळीचं उलटं: टोक बंद, शिसं बुडातून भरलेलं. हे मला लहानपणीच ठाऊक होतं. आमचे आबा भुसावळजवळच्या वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. लष्कराची काडतुसं करणारा कारखाना तो. कामाबद्दल ते घरी फारसं बोलत नसत, पण एक गोष्ट त्यांनी सांगितली होती. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात 1890च्या दशकात इंग्रजांनी टोकाला शिसं उघडं ठेवलेली गोळी केली. ती अंगात फुटून पसरायची. 1899मध्ये हेगच्या परिषदेत अशी गोळी युद्धात वर्ज्य ठरवण्यात आली. जगभर तिला डमडम हे आपल्याकडच्या गावाचं नाव चिकटलं. पुढे अमेरिकी सैन्याला मॅचकिंग वापरायची होती तेव्हा 1990मध्ये त्यांच्या कायदेतज्ज्ञांना नेमका हाच खुलासा करावा लागला, की टोकाचं छिद्र फुलण्यासाठी नाही, बनवण्याच्या रीतीतून आलेलं आहे.

माणसावर जी चालत नाही तीच जनावरावर लागते, हे आधी मनाला पटत नाही. पण सैनिक जखमी होऊन बाजूला झाला तरी युद्धाचं काम भागतं. जनावर जखमी करून सोडणं हे शिकारीतलं सगळ्यात मोठं पाप. इंग्लंडात हरणावर मऊ किंवा पोकळ टोकाचीच रायफलची गोळी चालवावी असा कायदा आहे, तो ह्याचसाठी.

दुसरी गोळी नोस्लरची पार्टिशन, 180 ग्रेन. घासल्यावर आत इंग्रजी एच अक्षर दिसलं. मधोमध तांब्याची आडवी भिंत, पुढे एक शिशाचा कप्पा, मागे दुसरा. पुढचं शिसं टोकाशी उघडं. जॉन नोस्लर 1946मध्ये कॅनडात मूसच्या शिकारीला गेला होता. चिखलाने माखलेल्या त्या जनावरावर त्याच्या गोळ्या वरच्यावरच फुटल्या, आत पोचल्या नाहीत. त्यातून त्याला ही भिंत सुचली: पुढचा भाग फुलावा, मागचा शाबूत राहून आत जावा.

दुसऱ्या दिवशी रेंजवर गेलो. रात्रभर पाण्यात भिजवलेली रद्दी खोक्यात दाबून भरली, पुढे खांद्याच्या हाडाऐवजी लाकडी फळी. दोन्ही जातीच्या तीन-तीन गोळ्या. मग ओल्या कागदाचा लगदा पानापानाने सोलत गेलो, कच्च्या मालाची पिशवी चाळावी तसा. पार्टिशन तिन्ही सारख्या निघाल्या: पुढे भूछत्रासारख्या उमललेल्या, मागे अखंड. मॅचकिंगपैकी एक टोक वाकवून पेन्सिलीसारखी पार मागे गेली होती. दुसरीचं कवच फाटून शिसं वेगळं पडलं होतं. तिसरीचे तुकडे मी चिमट्याने वेचले. सगळ्यात मोठा 9 कॅरेटचा. कागदावर ज्या तीन गोळ्या जुळ्या बहिणी होत्या, त्या आत शिरल्यावर तिघी तीन वाटांनी गेल्या. सिएरा कंपनी स्वतःच सांगते की मॅचकिंग बहुतेक शिकारींसाठी नाही. भाच्याने ते वाचलंही होतं, पण नाण्याखाली झाकलेली पाच भोकं डोळ्यांसमोरून जात नव्हती.

मी त्याला पंजा पसरून दाखवला. रोहीची फुप्फुसं आणि काळीज छातीत खाली, पुढच्या पायांमागे असतं. ती जागा ताटलीएवढी. लिंबाएवढा पसारा तिथे सहज मावतो. नाण्याएवढी अचूकता तिथे लागतच नाही. मोठा नर अडीचशे किलोच्या घरात जातो, मानेवर-छातीवर कातडी जाड. तिथे गोळी आत जाऊन नेमानं उमलते का, एवढाच प्रश्न उरतो.

मग मी त्याला तापीकाठच्या शेतातली गोष्ट सांगितली. मी दहा वर्षांचा असेन. आमच्या कपाशीत एक नर रोही तीन पायांवर उभा होता. कुणीतरी कुठूनतरी गोळी झाडली होती. आबा जवळ गेले तरी तो पळाला नाही, फक्त मान वळवून बघत राहिला. आबांनी बादलीभर पाणी समोर ठेवलं, त्याने प्यायलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बांधावर पडलेला होता. आबांनी त्याचा खांदा चाचपला आणि कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. जखमेचं तोंड बोराएवढंही नव्हतं.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने मॅचच्या गोळ्यांच्या खोक्यावर जाड पेनाने 'पेपर' असं लिहिलं आणि ते वरच्या फळीवर ठेवलं.

मी सुरतला परतल्यावर महिन्याभराने त्याचा निरोप आला. पहिल्या दिवशी रोही दिसला, पण तोंड ह्याच्याकडे करून उभा. आडवा झाला नाही, म्हणून गोळी झाडली नाही. दुसऱ्या दिवशी झाडली. जनावर तीस पावलांत पडलं. पलीकडच्या कातडीखाली अडकलेल्या गोळीचा फोटो त्याने पाठवला होता. मी लिहिलं, वजन कर. उत्तर आलं: 122 ग्रेन. मी कागदाच्या कोपऱ्यावर मांडलं: 58.3 कॅरेटची गेली, 39.5 उरली.

मुलीची रविवारी स्पर्धा होती. काट्यावर 2.65 दिसत होतं. मी तो पेलेट उचलून डावीकडच्या पुडीत ठेवला आणि पुढचा घेतला.