मुंबईत घडलेला कुवेती गीतकार

कोण? अब्दुल्ला अल-फरज. जन्म १८३६. कवी, संगीतकार, ऊदवादक. वडील धनाढ्य व्यापारी. बालपण, शिक्षण आणि संगीताचे धडे मुंबईत. भारतीय संगीताची जाण इथूनच. मृत्यू विसाव्या शतकाच्या आरंभी. कुवेती ‘सौत’ला आकार देणारा म्हणून त्याचा मान मोठा.

सौत म्हणजे? आखाती शहरांतील बैठकीचे गाणे. साथीला ऊद, ‘मिरवास’ हा हातात मावणारा दुतोंडी ढोल आणि तालबद्ध टाळ्या. पुढे व्हायोलिनही आले.

मुंबईच का? मोत्यांची मोठी बाजारपेठ इथे. कुवेतची शिडाची गलबते खजूर आणत, मलबारचे लाकूड नेत. कुवेतमध्ये १९६१पर्यंत रुपया चाले. त्याच वर्षी दिनार आला.

पडद्यावर
• ‘बस या बहर’ (१९७२): कुवेतचा पहिला कथापट. दिग्दर्शक खालिद अल-सिद्दीक. विषय मोती काढणारे पाणबुडे. कृष्णधवल.
• मराठीतील गीतकाराचा चरित्रपट: ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७). शाहिराच्या भूमिकेत जयराम शिलेदार. तोही कृष्णधवल.
• रंगाचा प्रयोग मात्र त्याआधीचा: ‘प्रभात’चा ‘सैरंध्री’ (१९३३). रंगीत प्रतींचे काम जर्मनीत झाले.