महाबळेश्वरचा पाऊस म्हसवडला!

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात दोन आघाड्या उघडल्या होत्या. स्वयंपाकघरात सौ.च्या चकल्या आणि बाहेरच्या खोलीत पुतणीचा प्रबंध. ३०० गावांच्या पावसाचे आकडे तिला दूरच्या एका सर्व्हरवरून मागवायचे होते. हाताशी होती ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकप्रणाली. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी ती जन्माला घातली.

हे ‘आर’ स्वभावाने भारी शिस्तीचे. एक प्रश्न विचारायचा, उत्तर येईतो स्वस्थ उभे राहायचे, मग दुसरा. एका उत्तराला २ सेकंद धरले तरी ३०० उत्तरांना १० मिनिटे; आणि त्यातला बहुतेक वेळ नुसता वाट पाहण्यात!

मी म्हटले, “अगं, तुझी काकू बघ. दूध तापत ठेवून ती दुधाकडे पाहत बसत नाही. तोवर कणीक मळते.”

“तेच करतेय, काका!” ती म्हणाली. ‘कर्ल’ नावाच्या पॅकेजने अनेक प्रश्न एकदम सोडता येतात. एका सर्व्हरकडे एका वेळी ६, एवढे धरले तरी काम पावणेदोन मिनिटांच्या आत उरकते.

उरकलेही. पण तक्ता पाहून पोरीचा चेहरा उतरला. महाबळेश्वरचा पाऊस दुष्काळी म्हसवडला पडला होता! जे उत्तर आधी तयार, ते आधी आले. आणि तिने ती आली तशीच यादीत लावली. महाबळेश्वर होते म्हणून चूक दिसली. शेजारच्या दोन गावांची अदलाबदल प्रबंधात तशीच छापली गेली असती.

मग तिने ‘वेबफेक्स’ पॅकेजने आपल्याच संगणकावर एक लुटुपुटीचा सर्व्हर उभा केला. पहिल्या प्रश्नाला मुद्दाम ३ सेकंद उशीर, दुसऱ्याला १, तिसऱ्याचा पत्ताच चुकीचा. एकूण वेळ ४ नव्हे, ३ सेकंदांच्या आसपास हवा. प्रत्येक उत्तर आपल्याच गावापुढे हवे. आणि चुकल्या पत्त्याची ‘४०४’ ही खूण पाऊस म्हणून गणली जाता कामा नये. कारण कर्लच्या लेखी तेही आलेले उत्तरच!

दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेस गाडी पार झाली. चकली मोडता मोडता मी म्हणालो, “आम्ही मास्तर पेपर कितीही घाईने तपासू, पण आधी बैठक क्रमांक पाहतो, मग उत्तर.”