बटाट्यातील वीज कोणाची?

आमच्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी ती आकाशातील अतिमंद संदेश टिपते. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञानदिनानिमित्त तेथे प्रदर्शन भरविण्याचा प्रघात आहे, व आसपासच्या शाळांतील मुले आपापल्या कृती घेऊन तेथे जातात. अशा प्रदर्शनांतून हमखास आढळणारी वस्तू म्हणजे बटाट्याचा विद्युद्घट. डिंगोऱ्याच्या घराघरांतून मुले आईकडे बटाटे मागू लागली की फेब्रुवारी आला असे समजावे. प्रयोग उत्तम आहे. माझा आक्षेप आहे तो त्यावर लाविलेल्या पाटीस. ‘बटाट्यापासून वीज’ असे त्यावर लिहिलेले असते, आणि ते खरे नव्हे.

प्रथम कृती सांगतो. एक मोठा बटाटा घ्यावा. त्यात जस्ताचा मुलामा दिलेला एक खिळा खोचावा, व त्यापासून दोन बोटे अंतरावर तांब्याची जाड, स्वच्छ घासलेली तार खोचावी. आत दोहोंचा एकमेकांस स्पर्श होता कामा नये. बाहेरच्या टोकांना मापक जोडला असता सुमारे ०.८ ते ०.९ व्होल्ट दाब दिसतो. तांबडा एलईडी दिवा लागण्यास साधारण १.८ व्होल्ट हवेत. म्हणून तीन-चार बटाटे ओळीने जोडावे. पहिल्याचे तांबे दुसऱ्याच्या जस्तास, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या, ह्याप्रमाणे. दिव्याचा लांब पाय तांब्याकडे असावा. खोलीत अंधार केल्यास मंद तांबडा उजेड दिसेल.

पुष्कळ मुले काटकसर म्हणून एकाच बटाट्यात चार जोड्या खोचतात, आणि दाब वाढत नाही म्हणून हिरमुसतात. कारण उघड आहे. आतील ओला गर सर्व धातूंना एकत्र जोडतो, त्यामुळे घट वेगळे राहतच नाहीत. बटाटा कापून त्याचे तुकडे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले की तेच चार घट होतात.

आता वीज येते कोठून? जस्त, म्हणजे आपल्या वैद्यकग्रंथांतील यशद, हा धातू तांब्यापेक्षा अधिक सहज विरघळतो. बटाट्याच्या रसात थोडे फॉस्फोरिक आम्ल असते. जस्ताचे कण त्या रसात उतरताना आपले इलेक्ट्रॉन खिळ्यातच सोडून जातात. ते तारेवाटे तांब्याकडे धावतात, आणि तेथे रसातील हायड्रोजनचे कण ते स्वीकारतात. हे धावणे म्हणजेच प्रवाह. खर्च होते ते जस्त. बटाटा केवळ मार्ग पुरवितो. पितळेच्या बिनकल्हईच्या पातेल्यात ताक ठेवले तर ते कळकते हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. आम्ल धातूस खाते, एवढीच ती गोष्ट. येथे मात्र आपण त्यातून काम करून घेतो.

पडताळा घरीच पाहावा. दोन्ही ठिकाणी तांब्याच्याच तारा खोचल्या तर दाब जवळजवळ शून्य. उलट धातू तेच ठेवून बटाट्याऐवजी लिंबू घेतले, किंवा नारायणगावच्या बाजारातील टोमॅटो घेतला, तरी आकडा फारसा हलत नाही. मग श्रेय कोणाचे हे मुलांनीच ठरवावे. व्होल्टाने १८०० साली आपला प्रसिद्ध स्तंभ रचला तो जस्त, चांदी व मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे घेऊन. भाजीचा त्यात संबंध नव्हता. बॅटरीतील नेहमीच्या स्वस्त सेलचे कवचही जस्ताचेच असते, आणि जुना सेल पाझरतो तो हेच कवच खाल्ले गेल्यामुळे.

अगस्त्यांच्या नावावर सांगितले जाणारे विद्युद्घटाचे श्लोक मजपुढे वारंवार ठेविले जातात. अभ्यासकांनी तपासलेल्या कोणत्याही प्राचीन पोथीचा आधार त्यांस दाखविला गेलेला नाही. संस्कृतावरील प्रेमापोटीच मी ते वर्गात सांगत नसे.

एक गोष्ट मात्र बटाट्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. २०१० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, बटाटा उकडून घेतल्यास घटाची शक्ती दहापटीपर्यंत वाढते. उकडल्याने पेशींची आवरणे फुटतात व आतील विरोध कमी होतो. दाब तोच, प्रवाह अधिक. तरीही घरातील दिवे त्यावर लागतील अशी आशा कोणी धरू नये. खिळा आणि तार खोचलेल्या कच्च्या बटाट्याची शक्ती एक मिलिवॉटही भरत नाही. म्हणजे नऊ वॅटच्या एका दिव्यास नऊ हजारांहून अधिक बटाटे! सातगाव पठारावरून ट्रक मागवावा लागेल.

प्रयोग झाल्यावर खिळा बाहेर काढून भिंगाखाली पाहावा. चकाकी जाऊन तो काळवंडलेला व खडबडीत दिसेल. अन्न टाकू नये ही शिकवण आपल्या घरांत खोल रुजलेली आहे. पण ह्या बटाट्यांत जस्त उतरलेले असते, तेव्हा त्यांची भाजी करू नये व ते गाईपुढेही ठेवू नयेत.