बॅकअपचा ताबा

बॅकअप सर्व्हर ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती संस्थेचा जवळपास सगळा डेटा. कोल्हापुरातल्या एखाद्या सहकारी बँकेत कोअर बँकिंगच्या डेटाबेसला कडेकोट बंदोबस्त असतो. पण त्याची प्रत रोज रात्री बॅकअपमध्ये जाते, आणि ती दुसऱ्या संगणकावर उतरवून घेण्याचा अधिकार मिळाला की मूळ बंदोबस्ताला वळसा घालता येतो. म्हणून बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात: समोरचा खरोखर तोच आहे का, आणि असला तरी त्याला काय काय करू द्यायचे.

‘नेटबॅकअप’ हे या क्षेत्रातले जुने नाव. क्रायस्लर या मोटार कंपनीसाठी १९८७ मध्ये कंट्रोल डेटा या संगणक कंपनीने लिहिलेल्या प्रणालीतून ते उभे राहिले, १९९७ मध्ये व्हेरिटासकडे आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोहेसिटीकडे गेले. व्हेरिटासचे एक मोठे विकास केंद्र पुण्यात होते.

ओळख आधी यंत्रांची पटवायची असते. ८.१ आवृत्तीपासून नेटबॅकअपचा मुख्य, म्हणजे प्रायमरी सर्व्हर (पूर्वीचा मास्टर) प्रत्येक यंत्राला प्रमाणपत्र देतो आणि जुन्या आवृत्त्यांसाठीची सवलत बंद केली की ते नसलेल्या यंत्राशी बोलत नाही. नवे क्लायंट, म्हणजे ज्याचा बॅकअप घ्यायचा ते यंत्र, जोडताना सर्व्हरच्या प्रमाणपत्राचा फिंगरप्रिंट पडद्यावर येतो. तो सर्व्हरवरच्या फिंगरप्रिंटशी अक्षर न् अक्षर ताडून मगच होकार द्यायचा असतो. घाईत नेमके हेच टळते. सुरक्षेची पातळी ‘व्हेरी हाय’ ठेवली तर प्रत्येक नव्या यंत्रासाठी प्रशासकाने टोकन काढून द्यावे लागते. बँकेला हीच पातळी शोभते. क्लायंटचे घड्याळ मागे असेल तर ताजे प्रमाणपत्रही अजून लागू न झालेले ठरते आणि जोडणी फसते, त्यामुळे सगळी घड्याळे आधी जुळवून घेतलेली बरी.

माणसांची ओळख अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी किंवा एलडॅप या मध्यवर्ती खाते-नोंदवहीवर सोपवणे उत्तम. नोकरी सोडलेल्याचे खाते तिथे बंद झाले की इथलाही प्रवेश थांबतो. ओळख पटल्यावर प्रश्न अधिकारांचा. जुन्या पद्धतीत त्यांची वाटणी ‘ऑथ डॉट कॉन्फ’ या छोट्या मजकूर-फाइलमध्ये होते: एका ओळीत खात्याचे नाव आणि पुढे त्याचे अधिकार. ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यापुढे ‘अ‍ॅडमिन=ऑल’ असते. सोय म्हणून तोच शेरा इतर नावांपुढेही पडत गेला की सगळेच मालक होतात. नव्या वेब पडद्यावर त्याऐवजी भूमिका असतात. सुरक्षा प्रशासक, व्हीएमवेअर प्रशासक अशा तयार भूमिका मिळतात आणि हव्या तशा नव्याही बेतता येतात. रात्रपाळीच्या ऑपरेटरला जॉब पाहणे आणि फसलेला पुन्हा चालवणे एवढे पुरते.

रिस्टोअरकडे, म्हणजे प्रत परत उतरवण्याकडे, त्या मानाने दुर्लक्ष होते. एका क्लायंटचा डेटा दुसऱ्याने उतरवून घेऊ नये, अशी नेटबॅकअपची मूळ वागणूक. पण सर्व्हरवरच्या ‘ऑल्टनेम्स’ फोल्डरमध्ये ‘नो डॉट रिस्ट्रिक्शन्स’ नावाची रिकामी फाइल ठेवली की कोणत्याही क्लायंटला कोणाचाही डेटा उतरवता येतो. आणीबाणीत कोणी ती बनवतो आणि काम झाल्यावर काढायची राहते. तपासणीला आलेल्याने सर्वांत आधी हाच फोल्डर उघडावा.

खोडण्याच्या अधिकाराची भीती त्याहून मोठी, कारण खंडणीखोर व्हायरस सोडणारे पहिल्यांदा बॅकअपच शोधतात. बँकेच्या तिजोरीला जसा व्यवस्थापक आणि रोखपाल यांचा संयुक्त ताबा असतो, तशी सोय १०.३ आवृत्तीत आली: प्रत मुदतीआधी खोडण्यासारख्या कामाला दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती सक्तीची करता येते. लॉगिनसाठी मोबाइलवरचा सांकेतिक अंकही त्याच आवृत्तीपासून मागता येतो. न बदलणाऱ्या साठ्यात ‘कम्प्लायन्स’ प्रकार निवडला तर मुदत संपेपर्यंत प्रशासकालाही प्रत खोडता येत नाही.

सहकारी बँकांना या गोष्टींची निकड ऑगस्ट २०१८ मध्ये कळली. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटींहून अधिक रुपये सायबर हल्ल्यात गेले. एटीएम व्यवहार हाताळणारा बनावट ‘स्विच’ त्यांना परस्पर मंजुरी देत होता, आणि देशातली जी रक्कम बनावट कार्डांनी काढली गेली त्यात कोल्हापूरची एटीएमही होती. हल्ला बॅकअपवर नव्हता, पण मंजुरी देणारी यंत्रणाच परक्या हाती जाणे म्हणजे काय, ते त्यातून दिसले. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस राखायचे असतात. हे लॉग बॅकअप प्रशासकाच्याच सर्व्हरवर राहिले तर त्यांचा उपयोग निम्मा होतो. ते वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या माणसाकडे जावेत.

कोल्हापूरला पुराचा विचार वेगळा करावा लागतो. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेले आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. अशा वेळी दुसऱ्या शहरातल्या केंद्रातून डेटा उभा करायचा, तर कोल्हापुरातली डिरेक्टरीच बंद असण्याची शक्यता असते आणि तिच्यावर विसंबलेले एकही खाते चालत नाही. त्यासाठी त्या केंद्राच्या सर्व्हरवरच एक स्थानिक आणीबाणी खाते ठेवतात. त्याचा पासवर्ड दोन भागांत, दोन मोहोरबंद पाकिटांत, दोन अधिकाऱ्यांकडे असतो. त्यातले एक पाकीट पुराबाहेरच्या गावी असावे लागते, आणि खाते वापरले की पासवर्ड त्याच दिवशी बदलावा लागतो.