दहावीचे इंग्रजी : अडते ते मराठी वळणामुळे

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत इंग्रजीचा लेखी पेपर 80 गुणांचा असतो. उरलेले 20 गुण शाळेतील अंतर्गत मूल्यमापनाचे. व्याकरणाचे नियम घोकूनही मराठी माध्यमातील आपली मुले 'इनडायरेक्ट स्पीच', म्हणजे अप्रत्यक्ष कथनात हमखास अडखळतात. दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हे. 'तो म्हणाला की मी उद्या येईन' हे आपले शुद्ध मराठी. 'की' आला तरी बोलणाऱ्याचा 'मी' आणि त्याचा काळ आपण तसाच राखतो. इंग्रजीत अवतरणचिन्हे गेली की 'आय'चा 'ही' होतो, 'विल'चे 'वुड', 'टुमॉरो'चे 'द नेक्स्ट डे'. 'ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो' असे लिहिले, तर येणारी व्यक्तीच बदलते!

यासाठी धड्यातील संवादाची चार वाक्ये रोज अप्रत्यक्ष कथनात लिहावीत व मोठ्याने वाचावीत. कवितेच्या रसग्रहणाची तयार उत्तरे पाठ करण्यापूर्वी (ही सवय गाइडांनी लावली) कविता एकदा तरी स्वतः वाचावी. यमक व अलंकार तेथेच सापडतात.

इंग्रजी न येणाऱ्या आईलाही अभ्यास तपासता येतो. मुलाने लिहिलेल्या वाक्याचा अर्थ तिने त्याच्याकडून मराठीत वदवून घ्यावा आणि एवढेच विचारावे, "यात येणार कोण?"