पॉलिश, ग्लेझ की वॅक्स? आधी विचारा, रेषा गेली की झाकली?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मामांनी लातुरात एक जुनी गाडी घेतली. काळी, अगदी आरशासारखी. तीन-चार वेळा धुतली आणि बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसायला लागल्या. मामांचा निष्कर्ष तयारच होता: "धुणाऱ्या पोरानं घासून घासून वाट लावली." त्याला कामावरून काढायचंही ठरलं.

थांबा. संशोधनात आपणही नेमकं हेच करतो. 'आधी धुतली, मग रेषा दिसल्या' यावरून 'धुतल्यामुळे रेषा पडल्या' असं ठरवून टाकतो. इथे दुसरी शक्यता कोणती, हे समजायला तीन डब्यांतला फरक कळायला हवा.

पॉलिश म्हणजे घासणं. त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे अतिसूक्ष्म कठीण कण असतात. गाडीच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश या थराचा अगदी थोडा भाग काढून रेषेच्या कडा सपाट करतं. रेषा खरोखर जाते, पण गेलेला थर परत येत नाही. म्हणून दर दोन महिन्यांनी पॉलिश मारायचं नसतं. आणि नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल, तर तो पॉलिशने सहसा जातच नाही.

ग्लेझ म्हणजे भरणं. त्यातली तेलं आणि भराव रेषांच्या खाचांत बसतात. कोरडी शहाबादी फरशी ओली केली की कशी गडद, चकचकीत दिसते? तसंच हे. हवेचा अपवर्तनांक सुमारे 1, क्लिअर कोटचा सुमारे 1.5. या फरकामुळे खाचेच्या कडेवर प्रकाश विखुरतो आणि रेषा दिसते. खाचेत तेल भरलं की फरक जवळजवळ मिटतो, रेषा दिसेनाशी होते. पण असते तिथेच. काही वेळा धुतलं की पुन्हा हजर.

वॅक्स म्हणजे संरक्षण. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते रंगावर पातळ थर धरतं, पाणी थेंब होऊन ओघळतं, धूळ कमी चिकटते. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या आपल्या शहरात कमी पाण्यात गाडी निघणं ही छोटी गोष्ट नाही. पण वॅक्स रेषा दुरुस्त करत नाही, आणि काही आठवड्यांत तेही उतरतं. लावायचं ते सावलीत, गार पत्र्यावर.

आता मामांची गाडी. दोन गृहीतकं: रेषा पोरानं पाडल्या, किंवा रेषा आधीच होत्या आणि विकणाऱ्याने ग्लेझ मारलं होतं. दोन्हींत फरक करणारी जागा हवी. ती सापडली छतावर. पोराचा हात पोचत नाही म्हणून छत धुतलंच जात नव्हतं! धूळ न घासता फक्त पाणी ओतून काढली, मऊ मायक्रोफायबरवर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलकेच पुसलं, म्हणजे तेल निघून जातं. मग टॉर्च तिरका धरला. तशाच रेषा, छतभर.

याचा अर्थ पोरगा शंभर टक्के निर्दोष, असा नाही. बॉनेटवरच्या एक-दोन रेषा त्याच्याही असतील. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की रेषा पडतातच. पण सगळा दोष त्याचा, हे गृहीतक छतावर टिकलं नाही. पोरगा कामावर राहिला. मामांनी त्याला एक स्टूल आणि दोन मायक्रोफायबर आणून दिले.

मग निवड कशी करायची? रेषा खरंच काढायच्या असतील तर एकदा पॉलिश आणि वर वॅक्स. पेंट चांगला असेल तर नुसतं वॅक्स. लग्नाच्या वरातीपुरती चमक हवी असेल तर ग्लेझ, त्यात गैर काही नाही. फक्त स्वतःला माहीत असावं की आपण काय केलंय.

तुमच्या प्रयोगाचा आलेख अचानक सुंदर दिसायला लागला, की एकदा अल्कोहोल फिरवून बघा. आकडे गुळगुळीत करायची पायरी काढून टाका. मूळ मोजमापात चूक उरलीच असेल, तर तुम्ही पॉलिश नाही, ग्लेझ मारलंय.